आप्पांची अँबॅसेडर, माझं वायरिंग

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दौंडला जायला दीड-दोन तास पुरतात. आम्ही दोन दिवस घेतले. पाबळला वळसा घातला, गुऱ्हाळावर गूळ खाल्ला, केडगावला मुक्काम केला आणि तिथंच एका सकाळी मी चारचौघांत स्वतःचं नाक कापून घेतलं. तरीही परत आल्यापासून जो भेटेल त्याला ही हकीकत सांगत सुटले आहे. घरातले आता मी तोंड उघडलं की उठून जातात, म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं.

आधी गाडीची ओळख करून देते, कारण तिच्याशिवाय या प्रवासात काही नाही. जुनी अँबॅसेडर. रंग दुधावरच्या सायीचा. बाहेरून ती माझ्या लग्नाच्या फोटोत दिसते तशीच आहे. तेच गोल दिवे, तीच फुगलेली पाठ. आतून मात्र सगळं नवं. इंजिन आणि गिअरबॉक्स एका अपघातात मागून चेपलेल्या आजकालच्या गाडीचे. ब्रेक डिस्कचे, स्टिअरिंग एका बोटानं फिरणारं. आणि या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला लावणारी प्रत्येक वायर मी माझ्या हातानं ओढलेली आहे. हे मी दोनदा सांगेन, तिसऱ्यांदाही सांगेन, कंटाळू नका.

मी रांजणगावच्या एका कंपनीत हार्नेसच्या लाइनवर सुपरवायझर आहे. हार्नेस म्हणजे गाडीच्या अंगातल्या सगळ्या वायरींची बांधलेली जुडी. सतरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांच्या जुड्या बांधल्या. त्या गाड्या कुठं जातात, कोण चालवतं, काही कळत नाही. एक तरी गाडी अशी असावी जिच्यातली निळी वायर कुठून कुठं जाते ते फक्त मला ठाऊक असावं, असं फार वाटायचं.

ही गाडी आप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. शिरूर ते दौंड या रस्त्यावर त्यांनी तिच्यावर पंचवीस वर्षं वडाप केलं. पाचाच्या जागी दहा माणसं बसवून, दहाव्याच्या मांडीवर कोंबडी ठेवून. मग साडेतीन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. हात आला, वाचा आली, डावा पाय मात्र ओढतच राहिला. क्लच दाबणारा पायच गेला म्हटल्यावर गाडी लिंबाखाली उभी राहिली आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. भंगारवाला आला तेव्हा मी आडवी आले. माझे मालक विलास वेल्डिंगचं काम करतात. त्यांनी पत्रा, मी वायरी, असे तीन वर्षांचे रविवार पत्र्याच्या शेडमध्ये घातले. नव्या इंजिनाची नोंद, पासिंग, सगळं रीतसर करून घेतलं. त्यासाठी किती खेटे घातले ते विचारू नका.

ही गाडी ऑटोमॅटिक केली ती आप्पांसाठी. तिच्यात क्लच आहे, पण पायाखाली नाही. तो दाबायचं काम एक छोटी मोटर करते आणि तिला हुकूम देतो एक डबा. आमच्या घरात त्याला सगळे ‘मेंदू’ म्हणतात. आप्पांना हँडगिअरची सवय, म्हणून स्टिअरिंगजवळचा जुना दांडा मी तसाच ठेवला आणि त्याच्या आत बटणं बसवून तो मेंदूला जोडला. पुढं, मधे, मागं, एवढ्या तीनच जागा. एका उजव्या पायावर आणि दोन हातांवर गाडी चालते. डॉक्टरांचा कागद झाला, आमच्या आग्रहाखातर आप्पांनी दुसऱ्याच्या ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली, ऑटोमॅटिकपुरतं लायसनही हाती आलं. आणि गाडी अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा आप्पा तिच्याभोवती काठी टेकत एक चक्कर मारून म्हणाले, “चांगली झालीया. पण गिअर पाडायचा न्हाई तर ती गाडी कसली? पाळणा हाय त्यो.” आणि बाजेवर जाऊन बसले.

महिना झाला तरी ते स्टिअरिंगला शिवले नाहीत. दौंडला त्यांची थोरली बहीण असते, आक्का. ती दर आठवड्याला फोन करून बोलावते आणि हे दर आठवड्याला काहीतरी कारण काढतात. खरं कारण आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला सांगितलं होतं. “आक्काच्या दारात कायम गाडी घिऊन गेल्यात. आता कुणीतरी उतरवून ठिवायचं, त्ये न्हाई सोसत त्यास्नी.” म्हणून मी ठरवलं, आपणच त्यांना दौंडला न्यायचं आणि वाटेत कुठंतरी त्यांनी गाडी हातात घ्यायचीच. विलास म्हणाले, “होणार नाही. मी ओळखतो माझ्या बापाला.” त्यांना सुट्टी नव्हती. मला होती. आईंनी आक्का आजारी असल्याची थाप मारली आणि आप्पा निघाले, पण मागच्या सीटवर.

शिरूर ते पाबळ

निघायच्या आधी गाडीपुढं मेणबत्ती लावून आम्ही त्रिशरण म्हटलं. शेजारच्या काकू लिंबू-मिरची घेऊन आल्या होत्या. आमच्यात ते बांधत नाहीत हे त्यांना वीस वर्षं माहीत आहे, आणि त्या वीस वर्षं आणतात. आईंनी नेहमीप्रमाणे ते घेतलं आणि स्वयंपाकघरात वापरायला ठेवलं.

मलठणच्या रस्त्याला लागलो. डिसेंबरची थंडी, बाजऱ्या निघून गेलेल्या, ज्वाऱ्या गुडघ्याएवढ्या आणि मधूनच कांद्याचे हिरवे वाफे. आमचा हा भाग उघडाबोडका. डोंगर म्हणावेत तर लहान, माळ म्हणावा तर उंचसखल. पण थंडीत सकाळी इथली हवा अशी कोरी असते की इंजिनाचा आवाज वेगळाच लागतो. मी काच खाली करून तो ऐकत चालले होते. आई म्हणाल्या, “अगं, काच लाव, कानात वारं शिरतंय.” मी लावली नाही.

मलठणला चहाला थांबलो आणि चहा येण्याआधी गाडीभोवती सात-आठ माणसं जमली. प्रत्येकाला बॉनेट उघडून बघायचं. मी उघडलं. फेटेवाले एक मामा आत डोकावून म्हणाले, “आरं, हे तर आक्खं नवं हाय! कुणी केलं?”

“पत्र्याचं काम मालकांनी, वायरिंग मी,” मी म्हटलं.

मामांनी माझ्याकडं बघितलं, हसले, आणि खिडकीतून आप्पांना विचारलं, “व्हय का हो आप्पा? खरं सांगत्यात का बाई?”

“मला काय इचारता?” आप्पा आतून म्हणाले. “मी पॅसेंजर हाय.”

सगळे हसले. मीही हसले, पण चहा गोड लागला नाही.

कान्हूर मेसाईवरून पाबळला पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. पाबळला जायचं कारण म्हणजे लेथवाले मामा. विलास तरुणपणी तिथल्या तंत्रशाळेत शिकत होते तेव्हापासून मामांची ओळख. नवं इंजिन जुन्या चासीवर बसवायला जी लोखंडी पकड लागते, ती मामांनी चार वेळा बनवून चार वेळा मोडली आणि पाचव्यांदा दिली. त्यांना गाडी चालती दाखवायची होती.

मामांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक चालू इंजिनाच्या अंगाला लावलं आणि मूठ कानाला. डोळे मिटून पाच मिनिटं तसेच उभे. मला वाटलं, डॉक्टरांनी आपल्याच लेकराच्या छातीला नळी लावली आहे. शेवटी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, “कंप न्हाई. झोपलंय जागेवर.” मग माझ्या वायरींच्या जुड्या बोटानं चाचपत म्हणाले, “आन् ही गुंडाळपट्टी कुणाची?”

“माझी.”

“कंपनीवानी हाय.” मामांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी आजवर कुणाला मिळालेली नाही. मी तो सगळा दिवस त्या वाक्यावर काढला.

जेवायला मामींनी मासवडी केली होती. आमच्याकडं शिरूरला मासवडीचा रस्सा पातळ आणि नाकातून पाणी काढणारा. मामींचा दाट, खोबऱ्याचा, तिखट उशिरा चढणारा. आईंनी दोनदा घेतला आणि मग म्हणाल्या, “आपला बरा.” हात धुताना मामा आप्पांना म्हणाले, “आप्पा, घ्या की हातात. पाबळच्या वेशीपतुर तरी.”

“पाय न्हाई मला.”

“एक हाय की! हिला एकच लागतोय.”

आप्पा काठी टेकत विहीर बघायला निघून गेले. मामांनी मला खुणेनं विचारलं, काय चुकलं का? मी मान हलवली. चुकलं काहीच नव्हतं, पण जमतही नव्हतं.

पाबळ ते केडगाव

शिक्रापूरच्या गर्दीबद्दल लिहून वाचणाऱ्याचा जीव कशाला घ्यायचा? तळेगाव ढमढेरे, न्हावरा, आणि मग पारगावला भीमेचा पूल. नदी ओलांडली की मुलूखच बदलतो. आमच्या बाजूला पाणी विचारून प्यावं लागतं. इकडं रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि मधे डबल ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. उसाचं पाचट उडून गाडीच्या जाळीत अडकत होतं. दोनदा उतरून काढलं.

पारगावच्या पुढं एका गुऱ्हाळावर धूर दिसला आणि आईंनी फर्मान काढलं, थांबव. कढईशी उभा असलेला कामगार उत्तरेकडचा होता. त्यानं पळसाच्या पानावर गरम काकवी दिली आणि हात पुसत सरळ गाडीकडं गेला. दिव्यावरून हात फिरवला.

“हमारे चाचा चलाते थे, ऐसी ही,” तो म्हणाला. मग आप्पांना विचारलं, “आपकी है?”

“थी,” आप्पा म्हणाले. “अब इनकी है. पूरा अंदर से बदल डाला.”

“आपने चलाई होगी?”

“बहुत. इसी रास्ते पे. पचीस साल.”

“तो अब?”

आप्पांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि चघळत राहिले. तेवढ्यात कढई उतू जायला लागली म्हणून तो माणूस बिचारा पळाला. मला तेव्हा पहिल्यांदा शंका आली की आपण आप्पांसाठी गाडी केली म्हणतो खरं, पण त्यांची गाडी आपण त्यांच्याकडून काढूनच घेतली की काय. शेडमध्ये तीन वर्षं काम चाललं होतं. ते दारात बाजेवर बसलेले असायचे. एकदाही मी त्यांना म्हटलं नव्हतं, आप्पा, इकडं या, ही वायर धरा.

केडगावला सुमनमावशीकडं मुक्काम. मावशी म्हणजे आईंची धाकटी बहीण. मिशनच्या भिंतीच्या पलीकडं त्यांचं घर आणि मागं शेवंतीचे दोन वाफे. काका पुण्याला नोकरीला, रोज रेल्वेनं. केडगावात सगळं घड्याळ रेल्वेचं चालतं, ही मोठी गंमत. आमच्याकडं ‘शिफ्ट सुटली की’ म्हणतात, इथं मावशी म्हणतात, “सहाची गेली की दूध तापवायचं, साताची आली की भाकरी टाकायची.” गाड्यांना उशीर झाला की घरोघरी जेवणं लांबतात.

पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मी गाडी अंगणात लावली, किल्ली काढली आणि पिशव्या घेऊन आत गेले. मागं वळून बघितलं तर आप्पा बॉनेट उघडून वाकले होते. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, बघतायत तरी. आत जाऊन आईंच्या कानात सांगितलंही. गुळाचा चहा, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, आणि मी पोटभर जेवून सगळ्यांच्या आधी झोपले.

केडगाव, दुसरा दिवस

सकाळी सात वाजता किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. दांडा पुढं ओढला. गाडी हलली नाही. समोर गिअरचं चिन्ह लुकलुकायला लागलं आणि लुकलुकतच राहिलं. मागं टाकला, पुन्हा पुढं. काही नाही. इंजिन मजेत चालू आणि गाडी ढिम्म.

मीटर काढला. फ्यूज बघितले, रिले बघितले, अर्थिंगचे सगळे बोल्ट खोलून घासून परत आवळले. बॅटरी भरलेली. मग मनातली खरी भीती वर आली. स्टिअरिंगचा दांडा! ती माझी स्वतःची करामत, कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात नसलेली. नक्की त्यातलंच बटण गेलं असणार. मी आवरण उघडलं, बारा वायरी एकेक करून तपासल्या. सगळ्या चांगल्या. तोवर अंगणात निम्मी गल्ली जमली होती. एक जण म्हणाला, धक्का मारू का? दुसरा म्हणाला, डिझेलमध्ये हवा धरली असेल. तिसरा म्हणाला, असल्या गाड्यांना शोरूमलाच न्यावं लागतं. मी त्याला म्हटलं, हिचं शोरूम मीच आहे, आणि पुन्हा बॉनेटखाली वाकले. पाबळला मिळालेली शाबासकी एका सकाळीत उतरून गेली.

साडेनऊ वाजले. आप्पा इतका वेळ ओट्यावर बसून बघत होते. ते उठले.

“सुमन, मला चौफुल्यावर सोडायला कुणी हाय का? शिरूरची यष्टी मिळंल.”

“अवं, आक्का वाट बघत्यात,” आई म्हणाल्या.

“आक्काला फोन कर. म्हणावं, बरं न्हाई मला. मी पैल्यापासनं सांगत व्हतो, मला नगा गुतवू ह्यात.”

म्हणजे संपलं. ते एकदा यष्टीत बसून घरी गेले असते तर पुन्हा या गाडीला शिवले नसते, आणि दौंडचं नावही कुणाला काढू दिलं नसतं. तीन वर्षांचे रविवार, आणि त्यांचं राहिलेलं आयुष्य बाजेवर. मी चिडून म्हटलं, “बॅटरीपासून टोकापर्यंत सगळं बघितलं मी!”

“बॅटरीचं म्हणशील तर बॅटरी फुल हाय,” आप्पा म्हणाले, मला धीर द्यावा तसे. “काल तू किल्ली काढल्याबरूबर मी टर्मिनल काढून ठिवलं व्हतं. सकाळी उठून बशिवलं. रोज निजवायचो की तिला असंच. म्हंजी रातीत उतरत न्हाई.”

माझ्या हातातून मीटर पडला.

हे समजायला एक गोष्ट सांगायला हवी. किल्ली काढली तरी मेंदू लगेच झोपत नाही. दोनेक मिनिटं तो जागा असतो आणि दिवसभराचं टिपून ठेवतो. क्लच कुठं पकडतो, किती झिजला, सगळं. त्या दोन मिनिटांत कुणी बॅटरीची तार काढली तर तो सगळं विसरतो. जुन्या गाडीची काळजी घेणारा प्रत्येक ड्रायव्हर रात्री तार काढतो. पंचवीस वर्षं आप्पांनी ती काढली. आणि मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं की आता काढू नका.

पण हे शहाणपण नंतरचं. त्या क्षणी माझ्या तोंडातून लाइनवरच्या पोरींना झापते तसं बाहेर पडलं. “आप्पा, कुणाला विचारून हात लावलात? ड्रायव्हर ना तुम्ही? गाडीत नवीन काय आहे ते ड्रायव्हरनं आधी विचारावं का नाही? अडीच तास मी माझी चूक शोधतीये! तार काढायची ती निदान सांगून तरी काढायची!”

आईंनी तोंडाला पदर लावला. लग्नाला वीस वर्षं झाली, मी आप्पांपुढं आवाज चढवलेला नव्हता. “आप्पा, माफ करा...” म्हणेपर्यंत ते हसायला लागले. आधी नाकातून, मग मोठ्यानं, काठी हलेपर्यंत.

“तीन वर्सं,” ते आईंना म्हणाले, “तीन वर्सं जो त्यो नुसतं ‘आप्पा बसा, आप्पा जपून, आप्पा राहू द्या’. आज पैल्यांदा कुणी ड्रायव्हर म्हणून बोललं मला.” मग माझ्याकडं वळून, “चुकलंच माझं. आता दुरुस्त कसं करायचं त्ये सांग.”

दुरुस्ती म्हणजे मेंदूला पुन्हा शिकवायचं. एकानं ड्रायव्हरच्या सीटवर बसून ब्रेक दाबून धरायचा आणि सांगेल तसा दांडा हलवायचा. दुसऱ्यानं बॉनेटखाली बघायचं, मोटरचा दट्ट्या पूर्ण जातो की नाही. दोन माणसं लागतात. काका सकाळच्या गाडीनं पुण्याला गेलेले. गल्लीतल्या शहाण्यांच्या हाती मी किल्ली देणार नव्हते. आई म्हणाल्या, “मी न्हाई बसायची तिथं, गाडी कुणाच्या दारात घालीन.” मी आप्पांकडं बघितलं.

त्यांनी काठी आईंच्या हातात दिली. दार धरून आत बसले, आणि डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. क्लचच्या जागी मी त्यांच्या चपलेच्या मापाची एक तिरकी फळी बसवली होती. कुणाला बोलले नव्हते.

“हे काय?”

“पाय टेकवायला,” मी म्हटलं.

त्यांनी पाय फळीवर ठेवला, नीट टेकवला आणि म्हणाले, “बोल.”

“ब्रेक!”

“दाबला!”

“दांडा पुढं!”

“पुढं!”

“मधे!”

“मधे!”

“मागं!” बॉनेटखाली मोटर गुरगुरली, दट्ट्या पूर्ण गेला आणि परत आला. असं तीनदा केलं. मग किल्ली बंद करून दोन मिनिटं थांबायचं होतं. आप्पा मोठ्यानं आकडे मोजत होते. एकशेवीस झाल्यावर मी म्हटलं, किल्ली मारा. इंजिन सुरू झालं. दांडा पुढं आला. चिन्ह लुकलुकलं नाही. “आता ब्रेक हळूच सोडा, ओढते का बघू.”

गाडी हातभर सरकली. मग दोन हात. मग अंगणातून फाटकापर्यंत आपल्या चालीनं गेली आणि तिथं थांबली. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात पुसत ड्रायव्हरच्या दाराशी गेले, आप्पांना उतरायला मदत करायला. त्यांनी कोपर खिडकीवर ठेवला होता आणि समोर रस्त्याकडं बघत होते.

“पिशव्या ठिव,” ते म्हणाले. “तुझ्या आईला म्होरं बसव. तू मागं बस.”

केडगाव ते दौंड

आई म्हणाल्या, संसार झाला तरी या गाडीत त्या कधी पुढं बसल्या नव्हत्या. पुढची सीट कायम पॅसेंजरची. आणि गाडी नवी झाल्यापासून मी कधी मागं बसले नव्हते. ज्या गाडीची एकेक वायर मला पाठ आहे, तिच्या मागच्या सीटवरून जग कसं दिसतं ते मला ठाऊकच नव्हतं. चांगलं दिसतं. आप्पांची मान दिसते, मानेवरची पांढरी लव दिसते, आणि आरशात त्यांचे डोळे.

सुरुवातीला त्यांचा डावा हात दर वळणाला दांड्याकडं जायचा आणि तिथं काही काम नाही हे लक्षात येऊन परत यायचा. चौफुल्यापर्यंत ती सवय मोडली. मग मोठा रस्ता लागला, वरवंडजवळ त्यांनी जरा जोर दिला आणि गाडी अशी उचलली की ते दचकले. “आगं आयव!” म्हणाले, आणि मग हळूच, फक्त गाडीला ऐकू जाईल असं, “बरी हायस की.” ते मी ऐकलं. त्या वाक्यापुढं मला मामांची शाबासकीही फिकी वाटली, आणि मी खिडकीबाहेर बघत रडून घेतलं.

पाटसला वळून दौंडच्या रस्त्याला लागलो. उसाच्या एका ट्रॉलीमागं ते दहा मिनिटं शांतपणे चालले. मी असते तर कधीच काढली असती. “आप्पा, रस्ता मोकळा आहे,” मी म्हटलं. आरशातून उत्तर आलं, “मागच्या शिटांनी ड्रायव्हरशी बोलू नये.” पुढं सरळ पट्टा आला तेव्हा त्यांनी हॉर्न देऊन गाडी काढली, आणि ट्रॅक्टरवाल्याला हात केला.

दौंडात रेल्वेचा खडखडाट ऐकू येऊ लागला तसा त्यांनी वेग कमी केला. आक्कांची गल्ली अरुंद, दोन्ही अंगांना निळ्या दारांची घरं, मधे विहाराचं छोटं आवार. आईंनी फोनवर फक्त ‘निघालोय’ एवढंच सांगितलं होतं. आक्का दारात उभ्या होत्या. वय ऐंशीच्या वर, पण ताठ. शेजारी उशी घातलेली खुर्ची मांडलेली, आणि आप्पांना धरून उतरवायला शेजारचे दोन गडी बोलावून ठेवलेले.

गाडी थांबायच्या आत आक्का पुढं झाल्या. पुढं कोण आहे हे बघितलंही नाही. आजारी माणूस मागं असणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्यांनी मागचं दार उघडलं, हात आत घातला, आणि माझं मनगट धरलं.

“जय भीम, आक्का,” मी म्हटलं.

त्यांनी वाकून सीटवर माझ्या पलीकडं बघितलं. तिथं नुसत्या पिशव्या होत्या. “आगं, माझा भाऊ कुठं हाय?” त्यांनी विचारलं. “त्याला कुठं ठिवून आलीस?”

पुढून हॉर्न वाजला. लांब, वडापचा.

“आक्का,” आप्पा खिडकीतून म्हणाले, “दार लाव आन् सर बाजूला. मला गाडी लावायचीया.”